छावणीबाहेर

शहरातून दौलताबादकडे निघालं की खाम नदी ओलांडल्यावर छावणी लागते. निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंटची फौज इथे असायची, तेव्हापासून हे नाव शहराच्या तोंडी बसलेलं आहे. छावणी संपली की पडेगाव. आमचं घर पडेगावात आणि चर्च छावणीत. त्यामुळे दर रविवारी मी छावणीत जातो आणि उपासना आटोपली की छावणीबाहेर येतो. हे वाक्य मी आयुष्यभर सहज बोलत आलो. ते बायबलातही आहे, पुन्हा पुन्हा आहे, आणि माझ्या धर्माचा गाभा त्याच्याभोवती गुंडाळलेला आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

नवीन वर्षाला बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेणारे बरेच जण लेवीयच्या पुस्तकापाशी येऊन थांबतात. उत्पत्तीत गोष्टी आहेत, निर्गमात मिसरातून सुटकेचा प्रवास आहे. लेवीय उघडलं की मात्र चरबी, गुरदे, काळजावरचा पडदा, वेदीच्या पायथ्याशी ओतलेलं रक्त. होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण असे पाच प्रकार, आणि प्रत्येकाचे बारीक नियम. तरुण मुलं विचारतात, येशूनं एकदाच स्वतःला अर्पण केलं, मग हे सगळं कशाला वाचायचं? मीही अनेक वर्षं ठरलेलं उत्तर दिलं : ती सावली होती, खरी वस्तू आली. इब्री लोकांस पत्रातच तसं म्हटलं आहे. पण झाडाच्या सावलीवरून आम्ही शाळेत झाडाची उंची मोजायचो. सावली नीट न पाहता टाकून दिली, तर झाड किती उंच आहे हेही कळत नाही.

पडेगावात राहणाऱ्या माणसाला हे पुस्तक परकं वाटायचं कारण नाही. शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र इथे आहे. महापालिकेचा कत्तलखाना इथेच आहे. शहराच्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारं एक केंद्रही इथेच आहे. कोकराचा जन्म, त्याचं कापलं जाणं आणि उरलेल्याची विल्हेवाट, लेवीयला लागणारी तिन्ही ठिकाणं एका गावात.

एका संध्याकाळी रस्त्याकडेला धनगराचा कळप थांबला होता. एक कोकरू बाजूला आलं, म्हणून मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लोकरीखाली कवटी टणक आणि गरम लागली. शिंगांच्या जागी हरभऱ्याएवढे दोन कोंब हाताला लागत होते. मी जरा दाबलं तसं त्यानंही माझ्या तळव्यावर डोकं रेटलं.

“डोस्कं दाबू नका सर,” धनगर म्हणाला. “आज गंमत वाटती. सवय लागली की मोठेपणी टकरा देतंय.”

लेवीयच्या पहिल्याच अध्यायात अर्पण आणणाऱ्यानं पशूच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो. तिथलं इब्री क्रियापद नुसतं टेकवण्याचं नाही, भार देण्याचं आहे. तळव्यावर ते कोकरू रेटत असताना मला पहिल्यांदा जाणवलं की हे अर्पण दुरून करताच येत नाही. आणि त्याच अध्यायात पुढे आहे की सुरी चालवायची तीही आणणाऱ्यानंच. याजक रक्त घेतो, वेदीवर शिंपडतो, अग्नी पाहतो. पण ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याचा जीव स्वतःच घ्यायचा. दुसऱ्या कुणाला पैसे देऊन, पाठ फिरवून, ‘झालं का’ असं विचारायची सोय त्यात नाही. आपण केलेल्या गोष्टीची किंमत एक जिवंत, गरम, उलट रेटणारा जीव देतो आहे, हे हाताला कळलंच पाहिजे.

या सगळ्या अर्पणांना मिळून इब्रीत ‘कोरबान’ म्हणतात. त्याचा धातू जवळ येण्याचा आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपला ‘उपवास’ही मुळात जवळ राहणंच आहे. ‘बळी’ या शब्दानं मात्र आपली दिशाभूल होते. बळी म्हटला की कोपलेली शक्ती आणि तिला शांत करण्यासाठी दिलेला जीव डोळ्यांपुढे येतो. आमच्या व्यासपीठांवरूनही क्रूसाचा अर्थ असाच सांगितला जातो : देव रागावला होता, कुणाचं तरी रक्त सांडल्याशिवाय तो निवणार नव्हता, ते पुत्राचं सांडलं. माझं मन या मांडणीपाशी कधीच थांबलं नाही. लेवीयच्या सतराव्या अध्यायात देणारा देव आहे. रक्तात जीव आहे, आणि वेदीवर वापरायला ते मीच तुम्हांला दिलं आहे, असा तिथला आशय आहे. दान वरून खाली आलेलं आहे. माणसानं ते खालून वर नेऊन देवाला विकत घ्यायचं नाही.

लेवीयवर तीन खंडांचं भाष्य लिहिणारे यहुदी अभ्यासक जेकब मिलग्रोम यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पापार्पणातलं रक्त पाप करणाऱ्याच्या अंगाला लावलेलं नाही. ते वेदीच्या शिंगांना लागतं, पडद्यासमोर शिंपडलं जातं. म्हणजे धुतली जाते ती देवाची जागा. मला यावर आमच्या गावाकडचं माळवदाचं घर आठवतं. चूल एका कोपऱ्यात असायची, पण काजळी सगळ्या घराच्या सरांना धरायची. कुणी काय शिजवलं, कुणाची लाकडं ओली होती, याचा हिशेब काजळी ठेवत नाही. शेतात, बाजारात, भावकीत केलेला अन्याय मंदिराच्या आढ्याला जाऊन धरतो, आणि साफ केला नाही तर एक दिवस देवाला तिथे राहणं अशक्य होतं, असं त्या लोकांना वाटायचं. पाप हे माझं खाजगी प्रकरण नाही, ते सगळ्यांच्या छताला लागतं. एकट्या आत्म्याच्या तारणाची इतकी चर्चा करणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांना हे ऐकायची फार गरज आहे.

आणि त्याच पुस्तकात गरिबाची जागा राखलेली आहे. पापार्पणाला कोकरू परवडत नसेल त्यानं दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावी. तेही जमत नसेल त्यानं एफाचा दहावा भाग सपीठ आणावं. आपल्या हिशेबानं हे साधारण दोन लिटर मापाचं पीठ. त्यात तेल नाही, ऊद नाही. याजकानं त्यातली मूठभर वेदीवर जाळायची. एवढ्यावर क्षमा होते, आणि त्या पिठाला नावही पापार्पणच. इब्री लोकांस पत्रात रक्ताशिवाय क्षमा नाही हे सांगताना लेखकानं आधी ‘बहुतेक’ अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. प्रवचनांत तो गळतो. मला त्या एका शब्दात पिठाची मूठ घेऊन उभी असलेली बाई दिसते. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात गेले तेव्हा त्यांनी पक्ष्यांच्या जोडीचं अर्पण केलं, असं लूक सांगतो. प्रसूतीनंतरच्या शुद्धीसाठी कोकरू न परवडणाऱ्या बाईला दिलेली ती सवलत होती. ज्याला आम्ही देवाचा कोकरा म्हणतो, त्याच्या आईला कोकरू परवडलं नव्हतं.

आता त्या बोकडाविषयी. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, दोन बोकड उभे करून चिठ्ठ्या टाकायच्या. एक परमेश्वरासाठी कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजकानं दोन्ही हात ठेवून लोकांचे सगळे अपराध बोलून दाखवायचे आणि नेमलेल्या माणसाकरवी त्याला रानात सोडायचं. आपल्याकडे पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, खण-नारळ, लिंबू. वाजतगाजत नेऊन तो शिवेबाहेर सोडायचा. मग पुढचं गाव तो गाडा आपल्या शिवेपलीकडे लोटायचं. भीतीनं गांजलेल्या माणसांना मी दोष देत नाही, साथीपुढे त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. पण साथ एका गावातून निघायची ती दुसऱ्या गावाच्या दिशेनंच. लेवीयचा बोकड जिथे जातो ती जागा ओसाड आहे, वस्ती नसलेली. इस्राएलाचं पाप कुणा शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं नाही.

शहराचा कचरा अनेक वर्षं नारेगावला जात होता. 2018 मध्ये तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा त्या मिटमिटा-पडेगावकडे वळल्या. इथे दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. त्या दिवसांत मी लेवीयच वाचत होतो. आमच्या घराशेजारची माणसं वाईट नव्हती, शहरातलीही नव्हती. प्रत्येकाला आपला गाडा शिवेपलीकडे लोटायचा होता, आणि वस्ती नसलेली जागा आता कुठेही उरलेली नाही. पापार्पणाच्या गोऱ्ह्याचं कातडं, मांस आणि शेण छावणीबाहेर, राख टाकायच्या जागी जाळावं असं लेवीयच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि ती जागा शुद्ध असली पाहिजे अशी अट आहे. राखेची जागासुद्धा शुद्ध! ज्या दिवसांत नाकाला रुमाल लावून आम्ही झोपत होतो, त्या दिवसांत हा एक शब्द मला फार लागला.

त्याहून लागला तो पुढचा नियम. बोकड रानात सोडणारा माणूस आणि छावणीबाहेर अवशेष जाळणारा माणूस, या दोघांनी कपडे धुवावे, अंघोळ करावी, आणि मग छावणीत यावं. संपलं. एक अंघोळ, आणि तो पुन्हा आपल्यातला. माझे पणजोबा गावकुसाबाहेर राहायचे. गावातलं मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम त्यांच्याकडे होतं. गावाची घाण गावाबाहेर नेणाऱ्या त्या माणसाला कोणत्याही अंघोळीनं कधी आत घेतलं नाही. त्यांच्या मुलांनाही नाही. इस्राएलाच्या कायद्यात काय काय कमी होतं यावर पुष्कळ लिहिता येईल. ही एक ओळ आमच्या गावाच्या कायद्यात असती, तर आमच्या घराचा इतिहास वेगळा झाला असता.

इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्यानं शेवटच्या अध्यायात हे छावणीबाहेरचं सूत्र उचललं. ज्या पशूंचं रक्त आत नेतात त्यांची शरीरं बाहेर जळतात. येशूनंही वेशीबाहेर दुःख सोसलं. तर आपणही त्याची अप्रतिष्ठा वाहत छावणीबाहेर त्याच्याकडे जावं, असं तो म्हणतो. मराठी बायबलात वाळवंटातल्या त्या तळाला ‘छावणी’ म्हटलं आहे. माझ्यासाठी इस्राएलाच्या सगळ्या अर्पणांचा अर्थ इथे येऊन एकवटतो. देव परमपवित्रस्थानात, पडद्याआड आहे आणि अर्पण ही तिथवर पोचायची वाट आहे, असं वाटत असताना तो स्वतःच राखेच्या जागी आलेला आहे. गाडा त्याच्या अंगावर लोटला गेला, आणि त्यानं तो पुढच्या गावाकडे लोटला नाही.

19 व्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनरी या भागात आले, वैजापूर तालुक्यात घोगरगावला कॅथलिक मिशन सुरू झालं, तेव्हा येशूचं नाव आधी ऐकलं ते गावकुसाबाहेरच्या वस्त्यांनी. धान्यासाठी, शाळेसाठी गेले, असं कुणी म्हणतं. गेलेही असतील. पण क्रूसावर मेलेला हा माणूस वेशीबाहेर मेला, हे त्यांना पंडितांनी समजावून सांगावं लागलं नसणार.

अर्पणाचं एक अंग मात्र व्यासपीठावर कधी येत नाही, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत समृद्ध आहे : शांत्यर्पण. यात चरबी देवाची, ऊर आणि उजवी मांडी याजकाची, बाकी सगळं मांस आणणाऱ्याचं. उपकारस्तुतीचं अर्पण असेल तर त्याच दिवशी खाऊन संपवायचं. नवसाचं असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत. तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळून टाकायचं, खाल्लं तर अर्पण बाद. एका बोकडाचं बारा-पंधरा किलो मटण एका कुटुंबानं दिवसात खायचं कसं? खाता येत नाही, म्हणूनच नियम. शेजारी बोलवावे लागतात.

माझी आजी ख्रिस्ती होण्याआधी कंदुरीला जायची. मराठवाड्यात कंदुरी सांगायला नको : नवसाचं बोकड, शेतात किंवा दर्ग्यापाशी चुली, सगळी भावकी. बाप्तिस्म्यानंतर तिनं ते सोडलं, पण कंदुरीबद्दल ती कधी वाईट बोलली नाही. “त्यात एक बरं होतं,” म्हणायची, “उरलेलं घरी न्यायचं नाही. ज्याला पोचलं नाही त्याला हुडकायचं.” मग थांबून सांगायची, “पंगत मात्र आपली अलग बसायची. वाढणारा वरून टाकायचा.” चर्चमध्ये पहिल्यांदा एकाच प्याल्यातून प्याली तेव्हा तिचा हात थरथरत होता, असं आई सांगते. प्रभुभोजनात काय घडतं यावर आमच्यात आणि कॅथलिक शेजाऱ्यांत मतभेद आहेत. ते ‘ख्रिस्तयाग’ म्हणतात, त्यात तो एकच याग पुन्हा समोर येतो असं मानतात. आम्ही स्मरण म्हणतो. आजीला दोन्ही शब्द ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होतं की वाढणाऱ्यानं वरून टाकलं नाही.

इथे एका गोष्टीत आपण सावध राहिलं पाहिजे. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि यहुद्यांची अर्पणं थांबली. पण त्यांचा धर्म रिकामा झाला नाही. प्रार्थना, दानधर्म आणि घरातलं जेवणाचं मेज, यांत त्यांनी तो सांभाळला. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल अजून मलिदा करतात : गूळ-खोबऱ्यानं गोड केलेले पोहे, भोवती फळं, एलियाहू संदेष्ट्याचं नाव आणि फेडलेला नवस. मला त्या ताटात लेवीयचं अन्नार्पण दिसतं. आपण ज्याला सावली म्हणतो ती कुणाच्या तरी घरात आजही वाढली जाते, खाल्ली जाते.

राहिलं दोषार्पण. कुणाचं लुबाडलं असेल, ठेव दाबली असेल, तर आधी मूळ रक्कम परत करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि मग मेंढा घेऊन याजकाकडे यायचं. डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं हेच आणखी कडक केलं : वेदीपाशी उभा असताना भावाचं काही आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा.

वडिलांचा पडेगावातला प्लॉट मी विकला तेव्हा आक्काकडून हक्कसोडपत्र घेतलं होतं. ख्रिस्ती कुटुंबाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी सारखेच, हे मला माहीत होतं. तिनं सही केली. मी तिला साडी आणि अकरा हजार रुपये दिले आणि ओवाळणी म्हणालो. मराठी बायबलात शांत्यर्पणाचं ऊर परमेश्वरापुढे हलवायच्या विधीला हाच शब्द आहे, ओवाळणी. लेवीयच्या सातव्या अध्यायात तो आला की माझी नजर त्या ओळीवरून घसरायची. बारा वर्षं घसरत होती.

शेवटी एका शनिवारी हिशेब केला. तिचा वाटा साडेतीन लाख. पाचवा हिस्सा सत्तर हजार. दोन वेगळ्या पाकिटांत घालून तिच्या घरी गेलो. तिनं पहिलं पाकीट उघडून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग दुसऱ्याकडे बोट केलं.

“हे वरचं कशाचं?”

मी सांगितलं. लेवीय, सहावा अध्याय.

“वरचं मला नको,” ती म्हणाली. “बोकडं आण. तांदूळ आण. सगळ्यांना बोलव, तुझ्या चर्चचे, माझ्या गल्लीतले. त्या कॅथलिकांनाही.”

छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून तीन बोकडं आणली. निवडताना एकाच्या डोक्यावर मी हात ठेवला. त्यानं जोरात रेटलं. रविवारी आक्काच्या अंगणात तीन चुली पेटल्या, तिनं स्वतः मीठ पाहिलं, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत पंगती उठत राहिल्या. साडेदहाला पातेल्याच्या तळाशी चार-सहा तुकडे आणि रस्सा राहिला. मी झाकण ठेवायला गेलो, तर तिनं माझा हात बाजूला केला, उरलेलं सगळं डब्यात काढलं, वर दोन भाकरी ठेवल्या आणि चपला शोधू लागली. कचऱ्याच्या केंद्रावर रात्रपाळीला एक बाई असते, ती अजून जेवली नसेल, म्हणाली. मी बॅटरी घेऊन तिच्या पुढे चालू लागलो.